डव्हटेल जिग घेण्याआधी आणि घेतल्यावर

ओट्याखाली सहा ड्रॉवर करायचे म्हणजे चोवीस कोपरे. आमचे मिस्त्री हाताने डव्हटेल कापतात, म्हणजे एका फळीच्या टोकाकडे पसरत जाणाऱ्या शेपट्या दुसरीच्या पिनांमध्ये अडकतात तो सांधा. त्यांचा एक कोपरा पाऊण तासात निघतो आणि असा बसतो की त्यात कागद शिरत नाही. मला दीड तास लागतो आणि कागदच काय, एस.टी.चं तिकीट घडी करून घालता येतं. म्हणून राउटरवर (फिरत्या बिटाने, म्हणजे पात्याने, लाकडात खाच पाडणारं यंत्र) चालणारा जिग, म्हणजे फळ्या धरून राउटरला वाट दाखवणारा साचा, घेतला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "मशिननं कापा दादा, पण मशिन लावायला किती वेळ गेला तोही धरा हिशेबात." अख्खा रविवार जुळवणीत गेला. पुढच्या शनिवारी दुपारी जेवून बसलो आणि दिवेलागणीपर्यंत चोवीसही कोपरे कापून झाले.

हे लिहितोय ते त्या फुकट गेलेल्या रविवारासाठी. त्यातला बराचसा वेळ चुकीच्या गोष्टी चुकीच्या क्रमाने हलवण्यात गेला होता.

घ्यावा का?

एखादी दागिन्यांची पेटी, एखादं देवघर करायचं असेल तर जिग घेऊ नका. डव्हटेल करवत, पटाशी आणि मार्किंग गेज एवढ्यावर काम होतं, आणि हाताच्या सांध्यातल्या पिना हव्या तितक्या बारीक ठेवता येतात. जिगवरचे हाफ-ब्लाइंड, म्हणजे समोरून न दिसता फक्त बाजूने दिसणारे, सांधे ओळखू येतात: शेपटी आणि पिन जवळपास सारख्याच रुंद, एकसुरी, रांगेत उभ्या केल्यासारख्या. बिटाचा कोन 14 अंशांचा, म्हणजे साधारण चारास एक असा उतार. हाताने कापणारे मऊ लाकडाला सहास एक आणि कडक लाकडाला आठास एक घेतात. नजर बसलेल्या माणसाला हा फरक लांबून कळतो.

ड्रॉवर करायचे असतील, तेही दोनापेक्षा जास्त, तर जिगला पर्याय नाही असं माझं मत. ड्रॉवर रोज ओढला जातो आणि सगळा ताण दर्शनी फळीच्या सांध्यावर येतो. तिथे खिळा किंवा स्क्रू दहा वर्षांत ढिला होतो. शेपटी आडवी अडकलेली असते, ती ओढून निघतच नाही.

कुठला घ्यायचा?

ढोबळमानाने चार जाती. पहिली, सगळ्यात जास्त विकली जाणारी: 12 इंची, एकाच ठरावीक फर्म्याची (फर्मा म्हणजे बोटं असलेली पट्टी, राउटर त्या बोटांच्या फटींतून चालतो), फक्त हाफ-ब्लाइंड कापणारी. ऑनलाइन दुकानांत वेगवेगळ्या नावांनी जवळपास एकच वस्तू मिळते. दुसरी, बदलत्या फर्म्यांची. पोर्टर-केबलची 4200 मालिका हे तिचं ठळक उदाहरण; 4212 वर थ्रू (दोन्हीकडून दिसणारे) आणि हाफ-ब्लाइंड दोन्ही होतात, 4216 सोबत बारीक सांध्यांचे फर्मेही येतात. तिसरी, सरकत्या बोटांची: कॅनडाच्या ली कंपनीचा 24 इंची डी4आर प्रो. त्यात प्रत्येक बोट हवं तिथे सरकवून आवळता येतं, त्यामुळे सांधा हाताने कापल्यासारखा दिसू शकतो. चौथी, केलरसारखी: पकड नाही, दांडा नाही, नुसते जाड अ‍ॅल्युमिनियमचे फर्मे, जे तुम्ही लाकडी ठोकळ्याला स्क्रूने बसवायचे आणि बेअरिंगवाल्या बिटाने चालवायचे. केलरवर फक्त थ्रू होतात, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

घरच्या ड्रॉवरांना पहिली जात पुरते. मात्र दुकानात जिग हातात घेतलात तर फर्म्याची बोटं नंतर पाहा, आधी पकड पाहा. फळी आवळणारा दांडा मधोमध वाकतो का? एक रुंद फळी अडकवून दोन्ही टोकांच्या मुठी आवळा आणि मधल्या भागात फळी बोटाने ढकलून पाहा. हलली तर दांड्याला मधोमध पोट आणावं लागेल (पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली की काम होतं), किंवा जिग परत करा. डव्हटेलचं बिट लाकूड खाताना फळीला धक्के देतं. पकड कच्ची असेल तर बाकीची सगळी जुळवणी पाण्यात. दुसरं, बाजूचे अडथळे, म्हणजे फळीची कड जिथे टेकते ते स्टॉप, स्क्रूने घट्ट होतात का ते पाहा. पत्र्याचे वाकणारे स्टॉप असतील तर नको. तिसरं, फर्मा पुढे-मागे सरकवायला स्क्रू आहे की नुसता अंदाज. बाकी रंग, पेटी, डीव्हीडी गेली चुलीत.

राउटर, कॉलेट आणि बुश

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, कारण जिग इंचात बनतात आणि आपले राउटर बहुतेक मिलिमीटरमध्ये.

नेहमीच्या हाफ-ब्लाइंड फर्म्याला लागतं 1/2 इंची, 14 अंशांचं बिट आणि 7/16 इंची, म्हणजे 11.1 मि.मी. बाहेरव्यासाचा गाइड बुश (बिटाभोवती राउटरच्या तळाला बसणारी, फर्म्याच्या बोटांना घासत चालणारी नळी). सुतारी भाषेत (एक सूत म्हणजे 1/8 इंच) चार सुती बिट आणि साडेतीन सुती बुश. आता गंमत बघा: बिटाचं डोकं 12.7 मि.मी. आणि बुश त्याहून अरुंद. डोकं बुशातून वर जाऊच शकत नाही, फक्त शँक, म्हणजे बिटाची दांडी, जाते. ती शँकही 1/4 इंची किंवा 8 मि.मी.चीच असायला हवी. 12 किंवा 12.7 मि.मी.ची शँक या बुशात शिरणार नाही. मोठा राउटर आहे म्हणून जाड शँकचं बिट मागवलं तर ते या जिगला निरुपयोगी.

शँक आणि कॉलेट (राउटरमधली शँक धरणारी पकड) यांचं माप तंतोतंत एक हवं. 1/4 इंच म्हणजे 6.35 मि.मी.; ती 6 मि.मी.च्या कॉलेटमध्ये जात नाही. उलट 6 ची शँक 6.35 च्या कॉलेटमध्ये जाते, आवळल्यासारखीही वाटते, आणि वीस हजार फेऱ्यांवर बाहेर येते. असं कधीही करू नका. हीच गोष्ट 12 आणि 12.7 ची. माझी शिफारस 8 मि.मी. शँकची. 1/4 इंचीपेक्षा ती बरीच ताठ, बुशातून जाते, आणि आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या राउटरांना 8 चं कॉलेट बहुधा मिळतं. राउटर हजार वॅटच्या आसपासचा हवा. लहान ट्रिमरवर काम होतं, पण सागवानात तो दमतो आणि खाचेच्या भिंती जळतात.

बिट कार्बाइड दातांचंच घ्या. सागवानात सिलिका असते, साधं स्टीलचं बिट दोन ड्रॉवरांत बोथट होतं.

बुशाची भानगड वेगळी. परदेशी जिगसोबत पितळी, खालून घालून वरून नटाने आवळायचा बुश येतो. त्याला राउटरच्या तळपट्टीत 1 3/16 इंची, म्हणजे जवळजवळ 30 मि.मी.चं भोक आणि त्याभोवती 1 3/8 इंची खोलगट खाच लागते. आपल्या बऱ्याच राउटरांना कंपनीचा स्वतःचा, दोन स्क्रूंनी बसणारा पत्र्याचा बुश असतो, त्यात 11.1 मि.मी.चं माप मिळेलच असं नाही. 12 चा बुश चालवून बघायचा मोह होईल. तो चालतही राहील, पण बोटांमधल्या फटीत बिटाला सरकायला जागा कमी मिळेल आणि खाच अरुंद होईल. मग सांध्याचं सगळं गणित खोलीवर येऊन पडतं आणि ती पुरत नाही. मी 6 मि.मी. अ‍ॅक्रिलिकची नवी तळपट्टी करून घेतली, भोक आणि खाच लेथवाल्याकडून. शंभर कटकटी वाचल्या.

बुश तळपट्टीच्या खाली किती येतो तेही मोजा. तो फर्म्याच्या जाडीपेक्षा लांब असेल तर खाली लाकडाला टेकेल आणि राउटर फर्म्यावर सपाट बसणार नाही. असेल तर कानशीने घासून अर्धा मि.मी. आखूड करा.

आणि केंद्र. बिटाचं केंद्र आणि बुशाचं केंद्र एकावर एक हवं. तळपट्टीचे स्क्रू ढिले करा, कॉलेटमध्ये शंकूच्या टोकाची केंद्र-दांडी घाला, ती बुशात उतरली की पट्टी आपोआप मध्यावर येते. तशीच धरून स्क्रू आवळा. एवढं करूनही थोडा फरक राहतोच. म्हणून राउटरच्या एका मुठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि ती मूठ कापताना सदैव तुमच्या उजव्या हातात ठेवा. मग जो काही फरक असेल तो सगळ्या खाचांत एकाच दिशेने येईल आणि सांधा बसेल. राउटर मध्येच गोल फिरवलात तर एक खाच डावीकडे, दुसरी उजवीकडे.

बिट घालण्याचा क्रम असा: प्लग काढा, आधी बुश बसवा, मग बिट खालून बुशातून वर कॉलेटमध्ये. शँक तळाला टेकवून मग दोन-तीन मि.मी. खाली ओढा आणि आवळा. प्लंज राउटर (स्प्रिंगवर खाली-वर होणारा) असेल तर खोली ठरल्यावर खटका पक्का आवळा आणि, ज्याला वर जाण्याची मर्यादा घालणारा नट असतो त्याचा तो नटही. मी एकदा बटण बंद केलं आणि सवयीने खटका सोडला. बिट अजून फिरत होतं. स्प्रिंगने राउटर वर उचलला आणि बिटाने पितळी बुशाचा काठ कुरतडला. सोनेरी भुसा बघून क्षणभर कौतुकच वाटलं.

फळ्या

सांधा बिघडण्याचं कारण निम्म्या वेळा जिग नसून रंधा असतो. सगळ्या बाजूच्या फळ्या एकाच जाडीच्या हव्यात, चाचणीचे तुकडेही त्याच रंध्यातून निघालेले. टोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात. वाकलेली फळी जिगमध्ये दाबून सरळ होते आणि बाहेर काढली की पुन्हा वाकते, सांध्यासकट.

बाजूला 12 मि.मी. चांगली. दर्शनी फळी 16 पेक्षा कमी नको, कारण शेपटी तिच्यात साधारण 10 मि.मी. शिरते आणि समोर निदान पाच-सहा मि.मी. लाकूड उरायला हवं. प्लायवर हे करू नका. त्याचे थर बिटाखाली सुटून पिना पोकळ होतात. सागवान, आंबा, फणस, शिवण सगळे कापले जातात. शिवण मऊ असल्याने थोडा घट्ट सांधाही दाबून बसतो. सागवान तसं करत नाही, सरळ चिरतं.

रुंदी ठरवताना फर्म्याचा पल्ला, म्हणजे एका बोटाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. नेहमीच्या अर्धा-इंची फर्म्यात ते 7/8 इंच, म्हणजे 22.2 मि.मी. असतं. बरोबर सात सूत! फळीची रुंदी या अंतराच्या पटीत ठेवली की वर आणि खाली दोन्हीकडे अर्धी पिन येते आणि सांधा देखणा दिसतो: 89, 111, 133, 156 मि.मी. ड्रॉवरची उंची 120 हवी असेल तर 111 किंवा 133 करा, 120 चा हट्ट धरू नका.

लांबीचा हिशेब लोक चुकतात, म्हणून एक उदाहरण. ड्रॉवरची बाहेरून खोली 450 मि.मी., दर्शनी फळी 18, मागची 16, शेपटी दोन्हीकडे 10 मि.मी. शिरते. दर्शनी बाजूला 8 उरले, मागे 6. बाजूच्या फळीची लांबी 450 वजा 14, म्हणजे 436. दर्शनी आणि मागची फळी मात्र ड्रॉवरच्या पूर्ण बाहेरच्या रुंदीइतकी लांब.

जिग बसवणं आणि फळ्या लावणं

जिग 18 मि.मी. प्लायच्या फळीवर स्क्रूने बसवा आणि ती फळी टेबलाला क्लॅम्प करा. जिगचा पुढचा काठ टेबलाच्या काठाबाहेर थोडा यायला हवा, नाहीतर उभी फळी खाली जाणार कुठून?

आता मुख्य गोष्ट. बाजूची फळी उभी, पुढच्या दांड्याखाली. दर्शनी फळी आडवी, वरच्या दांड्याखाली. दोन्हींची आतली बाजू बाहेर, म्हणजे उभीची आतली बाजू तुमच्याकडे आणि आडवीची आतली बाजू वर. उलटंसुलटं वाटतं, वाटू द्या. बिटाने येणारी गोलाई ड्रॉवरच्या आत लपायला हवी म्हणून हे असं. फळ्यांच्या आतल्या बाजूंवर पेन्सिलीने मोठं "आत" लिहा आणि खालच्या कडेवर फुली मारा. फुलीची कड नेहमी स्टॉपला टेकायची.

डाव्या स्टॉपवर कापायचे ते पुढचा-डावा आणि मागचा-उजवा कोपरा. उजव्या स्टॉपवर पुढचा-उजवा आणि मागचा-डावा. हे एका पुठ्ठ्यावर लिहून जिगच्या वर टांगून ठेवा. डोक्यात ठेवाल तर चौथ्या ड्रॉवरला चुकाल. मी तिसऱ्यालाच चुकलो.

उभी फळी आधी थोडी वर काढून हलकी आवळा. आडवी फळी सरकवत तिला भिडवा आणि पक्की आवळा. मग उभी ढिली करून तिचं टोक आडवीच्या पृष्ठभागाशी नखाने कळेल इतकं बरोबरीत आणा आणि आवळा. आता फर्मा वर बसवला की तो दोन्ही फळ्यांवर सपाट टेकला पाहिजे. एखाद्या टोकाला उजेड दिसला तर थांबा. तिथे खोली कमी पडणार आणि सांधा सैल येणार.

दोन फळ्या एकमेकींपासून अर्ध्या पल्ल्याने सरकलेल्या असतात, साडेतीन सुताने, म्हणजे 11.1 मि.मी.ने. स्टॉप बहुतेक कारखान्यातून तसेच येतात, पण पट्टीने एकदा मोजून खात्री करा.

कापणं

गॉगल, मास्क, कानाला बोळे. सागवानाचा बारीक भुसा घशाला लागतो, हे वेगळं सांगायला नको.

राउटर फर्म्यावर ठेवा, बिट लाकडापासून लांब, मग बटण. पूर्ण वेग आल्यावर उजवीकडून डावीकडे एक हलका घास घ्या: उभ्या फळीच्या समोरच्या पृष्ठभागाला जेमतेम मि.मी.भर खात, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. ही नेहमीच्या उलट दिशा आहे, त्यामुळे राउटर पुढे पळू पाहतो; हात पक्के ठेवा. याने समोरच्या कडेच्या ढलप्या उडत नाहीत. त्यानंतर डावीकडून उजवीकडे, प्रत्येक बोटाच्या फटीत आत, तळाला टेकून बाहेर, पुढच्या फटीत. घाई नको, पण बिट एका जागी उभंही करू नका, लाकूड जळतं. शेवटी पुन्हा एक फेरी, राहिलेला भुसा आणि कुसं काढायला.

एक नियम जिवापाड पाळा: बिट फिरत असताना राउटर वर उचलायचा नाही. डव्हटेलचं डोकं खाली रुंद असतं. सरळ वर उचललात की शेपटी, फर्म्याचं बोट आणि बिट तिन्ही गेले. बटण बंद करा, आवाज पूर्ण थांबू द्या, मग आडवा स्वतःकडे ओढून बाहेर काढा. फळ्या सोडण्याआधी खाचांत नजर टाका. एखादी फट सुटली असेल तर ती आत्ताच कापता येईल. एकदा फळी हलली की नाही.

चाचणीचा सांधा वाचणं

पहिला सांधा बसणार नाही. तो बसण्यासाठी कापलेलाच नसतो, वाचण्यासाठी असतो. दोन तुकडे हाताने जुळवून पाहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सैल आहे: बिट खाली करा, म्हणजे खोली वाढवा. घट्ट आहे: खोली कमी करा. हे डोक्याला पटत नाही, म्हणून एकदा समजून घ्या. बिटाच्या कडा तळाकडे पसरत जातात. उभ्या फळीत दोन खाचांच्या मधे उरतं ती शेपटी, तिचं टोक वर. बिट खोल गेलं की वरच्या टोकाशी बिटाचा अरुंद भाग येतो, म्हणजे टोकाला लाकूड जास्त उरतं, शेपटी रुंद होते. आडव्या फळीतल्या खाचेचं रुंद तळ मात्र तेवढंच राहतं. 14 अंशांवर 1 मि.मी. खोलीला शेपटीच्या टोकात जवळजवळ अर्धा मि.मी. फरक पडतो. म्हणजे सांध्यात 0.1 मि.मी.चा फरक हवा असेल तर खोलीत 0.2 बदलायचे. एवढा बारीक बदल स्क्रूशिवाय कसा करायचा? खोलीच्या दांडीखाली झेरॉक्सच्या कागदाचे चार तुकडे सुरुवातीपासूनच ठेवा. एक कागद साधारण 0.1 मि.मी. दोन काढले की तेवढी खोली वाढली. मात्र कागद काढताना प्लग काढलेला आणि राउटर हाताने दाबून धरलेला असू द्या. मघाची स्प्रिंग आठवा.

किती घट्ट हवा? हाताने निम्मा जावा आणि उरलेला लाकडी मोगरीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांत. फेविकॉल पाण्यावर चालतो, लाकूड फुगवतो. कोरडाच जोर लावून बसत असेल तर गोंद लावल्यावर अर्ध्यात अडकेल आणि तुम्ही मोगरी जोरात घ्याल. मग दर्शनी फळीचा काठ चिरतो.

सांधा घट्ट-सैल बरोबर, पण बाजूची फळी दर्शनीच्या टोकाबाहेर उभी राहते: खाच पुरेशी आत गेलेली नाही. फर्मा आत, तुमच्यापासून दूर सरकवा. फळी टोकाच्या आत बुडते: फर्मा तुमच्याकडे ओढा. दोन्ही टोकांना सारखाच सरकवा, नाहीतर वरची शेपटी बरोबर आणि खालची बुडलेली. खोली आणि फर्मा दोन्ही बदलायचे असतील तर आधी खोली.

फळ्यांच्या वरच्या-खालच्या कडा बरोबरीत येत नाहीत: एक तर फळी स्टॉपला टेकली नव्हती, नाहीतर स्टॉप सरकला. भुशाचा एक कण पुरतो. दर कोपऱ्याआधी ब्रश मारण्याची सवय लावा.

एका टोकाला घट्ट, दुसऱ्याला सैल: फर्मा एका बाजूने उचललेला, किंवा फळी गुण्यात नाही. खोलीला हात लावू नका.

आणि हा एक, जो मला पूर्ण संध्याकाळ समजला नाही. पहिला कोपरा छान, दुसरा छान, तिसरा थोडा घट्ट, पाचवा मोगरीलाही ऐकेना. फर्मा पाहिला, स्टॉप पाहिले, रंध्याला शिव्या दिल्या. शेवटी बिटाच्या शँकवर मार्करची रेघ मारून दोन कोपरे कापले, तर रेघ कॉलेटच्या तोंडापासून दीड मि.मी. खाली आलेली. डव्हटेलचं बिट लाकडातून जाताना स्वतःला खाली ओढतं आणि माझं 8 वरून 6.35 करणारं स्वस्तातलं रिड्युसर त्याला धरून ठेवत नव्हतं. आत सागवानाचं चिकट तेल साचलेलं. त्या दिवशी रिड्युसर फेकलं आणि 8 ची शँक आणली. कॉलेट नवं असो की जुनं, ते काढून थिनरच्या फडक्याने पुसा, आणि शँकवर ती रेघ मारून ठेवा. दर चार कोपऱ्यांनी एक नजर.

थ्रू हवा असेल तर

पेटी, बाकडं, जिथे शेपट्या दोन्हीकडून दिसायला हव्यात, तिथे दोन फर्मे आणि दोन बिटं लागतात: शेपट्यांना डव्हटेल बिट, पिनांना सरळ बिट. इथे खोलीने घट्टपणा ठरत नाही. डव्हटेल बिटाची खोली पिनांच्या फळीच्या जाडीइतकी, सरळ बिटाची शेपट्यांच्या फळीच्या जाडीइतकी, आणि दोन्हीत केसभर जास्त, नंतर रंध्याने काढायला. घट्ट-सैल ठरतं ते पिनांचा फर्मा पुढे-मागे करून. म्हणून शेपट्या सगळ्या आधी कापून घ्यायच्या, मग पिना त्यांच्याशी जुळवायच्या. फळीच्या मागे टाकाऊ लाकडाची पट्टी लावल्याशिवाय कापू नका, मागची कड फाटते. हाफ-ब्लाइंडला ती लागत नाही, कारण उभीच्या मागे आडवी फळी असतेच.

खुणेचा ठोकळा

सांधा मनासारखा बसला की लगेच, राउटरला हात लावण्याआधी, त्याच खोलीवर एक रुंदसा सागवानी तुकडा कापा. पुढच्या वेळी बिट घालताना त्याचं टोक या ठोकळ्यातल्या खाचेच्या तळाला टेकवा, खोली मिळाली. ठोकळ्यावर लिहा: बाजूची जाडी, दर्शनीची जाडी, कुठलं बिट, कुठला बुश, दांडीखाली किती कागद. बिटाला धार लावून आणलंत तर ठोकळा रद्द, कारण व्यास बदलतो.

पावसाळ्यात कापत असाल तर चाचणीचे तुकडे आणि कामाच्या फळ्या आठवडाभर एकाच खोलीत, एकावर एक, मधे पट्ट्या घालून ठेवा. मी ऑगस्टमध्ये तुकडे माळ्यावरून आणि फळ्या टिंबर मार्केटमधून ताज्या आणलेल्या घेतल्या होत्या. तुकड्यांवर मऊ बसलेला सांधा फळ्यांवर कुरकुरला. ठोकळ्यावर आता एक ओळ वाढली आहे: "पावसात एक कागद जास्त."